शुद्धीत अडखळण्याविषयी

मनुष्य मद्यप्राशन करून घरी परतताना जेवढ्या सावधपणे पावले टाकतो, तेवढ्या सावधपणे तो शुद्धीत असता कधीही टाकीत नाही, ही गोष्ट या विद्येचा दीर्घकाळ व्यासंग केलेल्या कोणालाही मान्य होईल. मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावर असताना ज्या ज्या रात्री मी मित्रमंडळींच्या बैठकीतून उठून साताऱ्याच्या प्रतापगंज पेठेतील आमच्या बोळात शिरलो, त्या त्या रात्री मी असा काही सरळ रेषेत चालत असे, की मोजणी खात्याने आपली साखळी माझ्या चालीवरून ताडून पाहावी. आणि ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांची प्रकृती आस्थेने विचारण्याइतके अवधानही माझ्या ठायी शिल्लक असे. आज मद्याचा थेंबही ओठांना लागत नाही, आणि त्याच बोळात मी दिव्याच्या खांबास खांदा देतो, रवंथ करीत बसलेल्या गाईस ओलांडू पाहतो व पायरी नाही तेथे पायरी चढतो. परिणामी, मी खरोखर दोषी होतो त्या काळी ज्या गल्लीने मला निर्व्यसनी म्हणून गौरविले, त्याच गल्लीत आता माझ्या पाठीमागे कुजबूज चालते.

या अपकीर्तीचे कारण काचबिंदू. हा मोतीबिंदूचाच कोणी भाऊबंद असावा असा लोकांचा समज असल्याने, भेटेल तो मला ‘ऑपरेशन करून टाका, दुसऱ्या दिवशी पेपर वाचाल’ असा दिलासा देतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते आणि ते काढून दुसरे बसविले की कारभार पूर्ववत सुरू होतो. काचबिंदूत बहुधा डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट होत नाही, आतला दाब वाढतो, आणि डोळ्याकडून मेंदूकडे वार्ता नेणारी मज्जा त्या दाबाखाली झिजत जाते. झिजलेली मज्जा कोणत्याही अर्जाने परत मिळत नाही. औषधे काय, शस्त्रक्रिया काय, उरलेले राखण्यासाठी. गेलेले आणण्यासाठी नव्हे. हा दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरांच्या दरम्यान असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. नोकरीच्या उभ्या हयातीत वरिष्ठांचा दाब मी कधी मनावर घेतला नाही. तो सगळा डोळ्यांत साठत असेल याची मात्र मला कल्पना नव्हती.

ही व्याधी कडेकडेने येते. शेजारच्या खातेदाराने दरसाल नांगर हातभर आत घालावा, बांध गुपचूप सरकत राहावा, आणि सातबाऱ्याचा उतारा मात्र पूर्वीचेच क्षेत्र दाखवीत राहावा, तसे हे अतिक्रमण असते. जमीन गेली हे कळते तेव्हा निम्मे शिवार दुसऱ्याच्या वहिवाटीस गेलेले असते. मला अद्याप मधले तेवढे दिसते. अजिंक्यताऱ्याचा माथा दिसतो, पायाखालचे गटार दिसत नाही. समोरच्या गृहस्थाचे नाक दिसते, त्याने पुढे केलेला चहाचा कप दिसत नाही, आणि हा अंध आहे की उर्मट, याचा उलगडा न होऊन तो बिचारा कप धरून उभा राहतो.

या उरल्यासुरल्या क्षेत्राची सरकारी थाटाने मोजणीही होते. एका पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसावयाचे, मधल्या ठिपक्यावर दृष्टी खिळवावयाची, आणि कोठेही प्रकाशाचा कण चमकला की हातातील कळ दाबावयाची. अधूनमधून उगीचच कळ दाबल्यास अहवाल जरा समाधानकारक होईल, असा विचार सरकारी नोकराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु प्रकाश पडलेला नसताना दाबलेल्या कळांचा ते यंत्र वेगळा हिशेब ठेवते आणि तो अहवालातच छापून मोकळे होते. इतका सचोटीचा लेखापरीक्षक मला साऱ्या नोकरीत भेटला नाही, आणि भेटला नाही हे खात्याच्या दृष्टीने बरेच झाले.

औषध म्हणाल तर रात्री निजण्यापूर्वी प्रत्येक डोळ्यात एक थेंब. थेंबांची ती कुपी 2.5 मिलिलिटरची, आणि ती महिनाभर पुरवावयाची असते. एके काळी बाटलीच्या आकारमानावरून ज्याने यजमानाची नियत ओळखली, त्याच्यावर हा प्रसंग यावा! त्यातही दैवाने एक खोडसाळपणा करून ठेवलेला आहे. मद्यप्राशनाने डोळ्यातील दाब काही वेळापुरता खरोखरच उतरतो, ही वैद्यकाने नोंदविलेली वस्तुस्थिती आहे. आणि ही वार्ता माझ्या जुन्या बैठकीतील एका स्नेह्याने, जणू फाशीचा हुकूम रद्द झाल्याचा खलिता आणावा अशा धापा टाकीत, माझ्या घरी आणली. मी हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय जिज्ञासेचा आव आणून डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. केसपेपरवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, ‘काका, तो परिणाम टिकत नाही. आणि त्या उपायाने तुम्हीही टिकणार नाही.’

दारू सुटली ती ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या सभांत. 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी एक शेअरबाजारी गृहस्थ आणि एक शल्यविशारद, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांस भेटले आणि परस्परांशी बोलत बसल्याने पिणे लांबणीवर पडते असे त्यांना आढळून आले. त्या तहकुबीचीच ही संस्था झाली. दारू कायमची सोडा असे येथे कोणी सांगत नाही, फक्त आजचा दिवस नको म्हणतात; आणि कामे उद्यावर ढकलण्यात ज्याचा हातखंडा, त्या कारकुनास हे तत्त्वज्ञान न मानवले तरच नवल. या सभांत नाव सांगावयाचे, आडनाव सांगावयाचे नाही. महाराष्ट्रात जेथे कोणी आडनाव विचारीत नाही अशी बसण्याची जागा मला तरी दुसरी ठाऊक नाही, आणि ती मिळण्यासाठी आधी यकृत खराब करून घ्यावे लागते हा आपल्या समाजरचनेवर केवढा अभिप्राय आहे, याचा विचार विचारवंतांनी करावा.

परंतु अंध होऊ घातलेला आणि व्यसनमुक्त, या दोन सनदा एकाच इसमाच्या नावे निघाल्या, की समाज त्यास संत समजू लागतो, हे संकट मोठे आहे. कोणी जपमाळ आणून देतो, कोणी प्राणायामाच्या वर्गात नाव घालतो; आणि ‘चर्मचक्षू मिटले की अंतर्दृष्टी उघडते’ असे सांगणाऱ्यांची तर गणती नाही. मी आत डोकावून पाहिले. तेथे पाहण्यासारखे फार नव्हते. एका सद्गृहस्थांनी ब्रेल शिकण्याचे सुचविले. त्या लिपीविषयी माझ्या मनात आदर आहे. लहानपणी आरीच्या जखमेपायी दृष्टी गेलेल्या लुई ब्रेलने पुढे सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट जुळण्यांत सारी वर्णमाला बसविली, ही गोष्ट कोणत्याही साम्राज्यस्थापनेपेक्षा मोठी आहे. पण चाळीस वर्षे शिक्के मारून बधिर झालेल्या माझ्या बोटांना ते ठिपके घामोळ्यासारखे लागले, तेव्हा तो व्यासंग मी तूर्त मुलतवी ठेवला. या हितचिंतकांना एक गोष्ट उमगत नाही, ती ही, की मला सुधारावयाचे नाही. तेवढे सुधारणे एका जन्मास पुरे झाले. मला मजा हवी आहे, आणि ज्या मजेत किंचित द्वाड अंश नाही ती माझ्या प्रकृतीस मानवत नाही.

मजेची गरज विशेषेकरून सायंकाळी सातच्या सुमारास लागते. तिन्हीसांजेच्या त्या अंधुक उजेडात माझ्या डोळ्यांचा कारभार सर्वांत ढासळलेला असतो, आणि नेमकी तीच घटका पूर्वी बैठकीस बसण्याची. लसूण सोलावयास घेऊन पाहिला. त्यात बोटे गुंततात, मन मोकळेच राहते. अखेर मदतीस आले ते आमच्या परसातील जुन्या वडाच्या ढोलीत राहणारे पिंगळ्यांचे जोडपे. दिवेलागणीस ते ढोलीबाहेर येते आणि तत्काळ भांडावयास लागते: एकाने कर्कश आवाजात आरोप करावा, दुसऱ्याने तो पुरता ऐकून न घेता प्रत्यारोप करावा, मग दोघांनीही एकदम बोलावे, आणि एकाएकी काहीच घडले नाही असे गप्प व्हावे. आमच्या बैठकी याच क्रमाने चालत; फरक इतकाच, की पिंगळ्यांचे बिल कोणी द्यावे यावरून पुन्हा वाद होत नाही. मी ओट्यावर आरामखुर्ची टाकून, सोडा घातलेले लिंबाचे सरबत हाती घेऊन या दाव्यांची सुनावणी करतो, आणि मादीची बाजू न्याय्य असते असे माझे मत होत चालले आहे. अर्थात मादी कोणती हे मी केवळ बोलण्याच्या वेगावरून ठरविले आहे.

पक्ष्यांच्या बाबतीत डोळस माणसे काय बोलतात हे आता मी कौतुकाने ऐकतो. ‘कोकिळा गाते आहे’ असे म्हणणाऱ्यास, गातो तो नर, मादी नुसतीच किक्-किक् ओरडते, असे सांगून खजील करण्यात जो आनंद आहे तो दोन पेगांच्या तोडीचा आहे. उन्हाळ्यात तांबट एकसारखी टुक्-टुक् हातोडी चालवतो, पण तसे करताना मान इकडून तिकडे फिरवीत असल्याने आवाज कोठून येतो याचा डोळसांनाही पत्ता लागत नाही. शेजारचे प्राध्यापक दुर्बीण घेऊन चारही दिशांना फिरतात आणि अखेर मलाच विचारतात. मी भरवशाने एका फांदीकडे बोट दाखवितो. ते त्या फांदीकडे बराच वेळ पाहत राहतात. फांदी कोणती ते मलाही दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात अजून आलेले नाही.

तथापि खरे व्यसन म्हणावे अशा योग्यतेस चढले ते बुद्धिबळ. अंधांच्या बुद्धिबळात काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घरास भोक व प्रत्येक मोहऱ्यास खुंटी असते, आणि एका बाजूच्या मोहऱ्यांवर चाचपून ओळखण्यासाठी खूण असते; दोन्ही खेळाडू आपापला पट घेऊन बसतात आणि चाल तोंडाने पुकारतात. आंतरराष्ट्रीय नियमांत पटाच्या आठ उभ्या ओळींना नावे दिलेली आहेत: अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. आपापसांत ए, बी, सी म्हटले तरी चालण्यासारखे आहे. परंतु माझे प्रतिस्पर्धी, जे निवृत्त प्राथमिक शिक्षक व जन्मांध असून ज्यांना सारे गुरुजी म्हणतात, ते नियमाचे कट्टर, आणि मला ती नावे मनापासून आवडलेली. पहिल्याच शनिवारी मी ‘वजीर बेला सात!’ असे गरजलो, तेव्हा माजघरातून प्रश्न आला, ‘अहो, ही बेला कोण?’ गुरुजींनी खुलासा करावयाचा सोडून, ‘वहिनी, अ‍ॅनाचे प्रकरण याहून जुने आहे,’ असे सांगितले. त्या संध्याकाळी चहा एकच कप आला, आणि तो गुरुजींना मिळाला.

या खेळात एक कलम फार मार्मिक आहे: मोहरा नुसता चाचपला तर तो ‘हात लावला’ असे धरीत नाहीत, कारण मग अंधाने पाहावे कसे, खुंटी भोकातून निघाली म्हणजे मात्र तो हललाच पाहिजे. गेल्या शनिवारी गुरुजींचा उंट निघाला. पट त्यांचा, हात त्यांचा, अंधार दोघांचा. पण खुंटी निघताना जो ‘टक्’ असा आवाज होतो तो मी ऐकला, आणि तसे रीतसर कळविले. त्यांची कैफियत अशी, की उंट सदऱ्याच्या बाहीत अडकून निघाला, सबब ते स्पर्शात मोडत नाही. मी हात पुढे करून चाचपले, तो सदऱ्यास बाह्या कोपरापर्यंतच होत्या. पंच म्हणून सौभाग्यवतींस पाचारण केले. त्यांनी दोघांचे म्हणणे ऐकून न घेता, भाजी आणावयाची आहे, पिशव्या घेऊन चला, एवढाच हुकूम सुनावला. फिर्याद दप्तरी दाखल असून सुनावणी येत्या शनिवारी सायंकाळी सात वाजता ठेवली आहे, आणि त्या दिवशी गुरुजी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येण्याच्या बेतात असल्याची खात्रीलायक बातमी माझ्या कानी आलेली आहे.