हार्डटेलकर

हार्डटेलकरांचं खरं आडनाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. एरवी त्यांना सगळे हार्डटेलकरच म्हणतात आणि तेही ओ देतात. कोथरूड, बावधन, पाषाण, बाणेर या पट्ट्यात, जिथे गच्चीवरून टेकडी दिसते, तिथल्या प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ हटकून सापडेल. वय पंचेचाळिशीच्या आगेमागे, नोकरी संगणकाची, पोटऱ्या अजून शाबूत, पोटाबद्दल न बोललेलं बरं. अंगात सायकलवाल्यांचा भडक टी-शर्ट, मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ, डोक्यात अहोरात्र सायकल. बुडाखाली मात्र सायकल नाही. कारण ते फ्रेम बघतायत.

आपण सायकल घेतो तेव्हा फ्रेम तिच्याबरोबर मुकाट्याने येते. तिच्याकडे वेगळं बघायचं असतं हे आपल्या गावीही नसतं. हार्डटेलकर तयार सायकल घेणार नाहीत. ते आधी नुसती फ्रेम घेणार आणि मग तिला एकेक अवयव जोडणार. फ्रेम हवी वेताळ टेकडीवरच्या पायवाटांसाठी, हवी ॲल्युमिनियमची, आणि हवी हार्डटेल. हार्डटेल म्हणजे पुढे शॉकअप आणि मागे देवाची कृपा.

मागे शॉकअप का नको, हा प्रश्न त्यांना लिफ्टमध्ये विचारू नये. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबते, उत्तर थांबत नाही. "अहो, मागे शॉकअप म्हटला की सांधे आले. सांधे आले की बेअरिंगं आली. आपला चार महिने चिखल आणि आठ महिने मुरमाची धूळ, त्या बेअरिंगांचं काय होईल सांगा! कार्बनचं तर नावच काढू नका. टेकडीवरचा काळा दगड उडून लागला तर आत काय तडकलं ते बाहेरून कळत नाही. ॲल्युमिनियमला पोचा येतो, तो दिसतो, विषय संपला. स्टील उत्तमच, पण अर्धा-पाऊण किलो जास्त भरतं, आणि आपल्या पावसात नळी आतून गंजली तर?"

पंचाईत अशी की हार्डटेलकर बोलतात ते बरोबर असतं. थापा मारणारा शेजारी परवडतो, त्याला "हो का!" म्हणून वाटेला लावता येतं. खऱ्याचं काय करायचं?

मंडईत ते मला एकदा पडवळांच्या ढिगापाशी भेटले. एका हातात पडवळ, दुसऱ्या हातात शेवग्याची शेंग. "ॲल्युमिनियम वजनाला स्टीलच्या एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. मग फ्रेम लेचीपेची होऊ नये म्हणून काय करायचं? नळी जाड करायची. ही शेंग म्हणजे स्टीलची नळी, हे पडवळ म्हणजे ॲल्युमिनियमची. व्यास वाढला की ताठपणा भराभर वाढतो. 1983 साली अमेरिकेत कॅननडेलने असल्या गलेलठ्ठ नळ्यांची सायकल काढली..." असं म्हणत त्यांनी प्रात्यक्षिकासाठी पडवळाला दोन्ही टोकांनी धरून बाक दिला. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "घ्यायचं तर घ्या साहेब, वाकवू नका." त्यांनी दोन्ही घेतलं. वहिनींनी त्या दिवशी फक्त कोथिंबीर आणायला सांगितली होती.

ॲल्युमिनियममध्येही पोटजाती आहेत. 6061 आणि 7005. वहिनींना बरेच दिवस हे गाड्यांचे नंबर वाटत होते. 6061 मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. वेल्डिंग झालं की तिला भट्टीत तापवायचं, झटकन थंड करायचं आणि पुन्हा बेताच्या आचेवर ठेवायचं, तेव्हा कुठे ती टी-6 म्हणवून घेते. 7005 मध्ये जस्त. तिला वेल्डिंगनंतर एवढे सोपस्कार लागत नाहीत. दोन्हींच्या फ्रेमा उत्तम होतात, असं हार्डटेलकर स्वतःच सांगतात आणि पुढचा अर्धा तास दोन्हींतला फरक समजावतात.

मग आवाज खाली आणून ते धातूचा थकवा हा विषय काढतात. स्टीलला एक मर्यादा असते, तिच्या खालचे धक्के ते जन्मभर सोसू शकतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. बारीकसारीक धक्काही खात्यावर मांडला जातो. चांगला कारागीर हे जाणून नळीला पुरेसं मांस ठेवतो, त्यामुळे फ्रेम वर्षानुवर्षं टिकते, हेही ते प्रामाणिकपणे सांगतात. पण या हिशेबाने सर्वांत दीर्घायुषी फ्रेम म्हणजे न घेतलेली फ्रेम, आणि तशा हार्डटेलकरांकडे बऱ्याच आहेत. कोना होंझो, सांता क्रूझ कॅमेलियन, मरीन सॅन क्वेंटिन, सगळ्या एक्सेलच्या तक्त्यात ओळीने उभ्या. एकीचा रंग आवडला तेव्हा मापाची शिल्लक नव्हती. माप आलं तेव्हा रंग बदलला होता. एकीचं सगळं जुळलं. म्हणून मनात शंका आली.

मापाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पूर्वी सायकल वीस इंची, बावीस इंची अशी मिळायची, आणि सीटवर बसून पायाची बोटं टेकली की झालं. आता फ्रेमच्या अंगावर वीसेक मापं असतात. हँडलची नळी जमिनीशी किती अंशांचा कोन करते, हे त्यातलं मुख्य. जुन्या माउंटन बाइकला तो 70-71 अंश असे. आजच्या ट्रेलच्या फ्रेमांना 65च्या आसपास. कोन जितका आडवा तितकं पुढचं चाक लांब जातं आणि उतारावर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाण्याची धास्ती कमी. इथवर आपणही मान डोलावतो. पण हार्डटेलकर विचारतात, "हा कोन माणूस बसायच्या आधीचा की बसल्यानंतरचा?" कारण हार्डटेलवर बसलं की फक्त पुढचा शॉकअप दबतो, मागचं जागच्या जागी. 130 मिलिमीटरचा शॉकअप बसल्याबसल्या तिसेक मिलिमीटर खाली गेला की 65चे साडेसहासष्टच्या घरात जातात. तक्ता वाचून फ्रेम घेणारा फसतो तो इथे. हे ते इतक्या कळवळून सांगतात की आपण एका मोठ्या फसवणुकीतून थोडक्यात वाचलो असं वाटतं.

स्वतःच्या पायाचं माप घ्यायचं तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन मांड्यांमध्ये पुठ्ठ्याचं जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. पद्धत रास्त आहे, जगभर अशीच मोजतात. हार्डटेलकरांनी मुहूर्त निवडला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. वहिनी तिळगुळाची वाटी आणायला आत वळल्या आणि पाच-सहा सुवासिनी हॉलमध्ये शिरल्या, तर समोर गृहस्थ भिंतीला चिकटलेले, अर्ध्या चड्डीत, मांड्यांमध्ये मुलीचं फिजिक्सचं पुस्तक, तोंडात पेन्सिल. हलता येईना, माप चुकलं असतं. पेन्सिल न काढताच ते म्हणाले, "या, बसा." कुणी बसलं नाही. वाण मात्र दारातूनच घेऊन गेल्या.

रविवारी सकाळी ते टेकडीवर जातात. चालत. उन्हाळ्याच्या तोंडाला गिरिपुष्पाची पानं गळून मुरमावर थर बसतो, आणि त्यावरून सायकल घसरते ती कुठल्या वळणावर, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. फोनमधल्या कोन मोजायच्या ॲपने त्यांनी खाणीकडच्या उताराचे चढउतार टिपून ठेवलेत. कुणाची चांगली सायकल झाडाला टेकलेली दिसली की ते उकिडवे बसतात. आधी वेल्डिंगच्या शिवणीवरून अंगठा फिरवतात. मग खालच्या जाड नळीला टोकापाशी टिचकी मारतात, कान लावतात. नळीच्या मध्यावर दुसरी टिचकी मारतात, पुन्हा कान लावतात. टोकाला जाड आणि मध्ये पातळ अशी नळी असेल तर दोन आवाज निराळे येतात. येतातच, मी ऐकले आहेत. तोवर सायकलचा मालक झुडपामागून पळत आलेला असतो, कारण लांबून हा प्रकार चोरीसारखा दिसतो. पाच मिनिटांनी तोच मालक मान खाली घालून, आपली पेडलांच्या आसाची बॉटम ब्रॅकेट दाबून बसवलेली आहे, आट्याची नाही, आणि म्हणूनच धूळ गेली की कुरकुरते, हे कबूल करत असतो.

मी त्यांना एकदा छेडलं. म्हटलं, या खेळाची सुरुवात ज्यांनी केली त्या कॅलिफोर्नियातल्या पोरांकडे कुठे होते तक्ते? भंगारातल्या जुन्या जड सायकली घेऊन ते डोंगरावरून सुटायचे. हार्डटेलकरांना तारखेसकट पाठ. "21 ऑक्टोबर 1976. रीपॅकची पहिली शर्यत. उतरता उतरता मागच्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचा, दर वेळी हब उघडून नवं भरावं लागे, म्हणून ते नाव. आणि फ्रेमा मोडायच्या त्यांच्या." शेवटचं वाक्य त्यांनी विजयी मुद्रेने म्हटलं. आमच्या शेजारून तेवढ्यात नववी-दहावीतला एक पोरगा दुकानातल्या स्वस्तातल्या डबल शॉकअपवर खडखडाट करत खाली गेला. "बघा," हार्डटेलकर म्हणाले, "कोन सगळे चुकलेत." पोरगा पुढच्या वळणावर दिसेनासा झाला होता.

त्यांची खरी शोकांतिका सायकल कंपन्यांनी केली. त्यांनी फ्रेम बघायला घेतली तेव्हा चाकं 26 इंची होती. निर्णय जवळ आला तर साडेसत्तावीस निघाली, आणि बघता बघता 29ने बस्तान बसवलं. मागच्या हबची रुंदी 135ची 142 झाली, 142ची 148. दरम्यान परदेशी सेल लागत, आणि 'फ्रेम येईलच, तोवर घेऊन ठेवू' म्हणून त्यांनी सुटे भाग घेतले. त्यांच्या माळ्यावर चकल्यांच्या डब्यामागे आजही 26 इंची टायरांची जोडी आणि 142चा हब आहे. दिवाळीची साफसफाई आली की वहिनी विचारतात, हे द्यायचं का कुणाला? "कुणाला देणार? कुणालाच बसत नाही," असं ते खिन्नपणे म्हणतात.

आणि एवढं सगळं होऊन यंदा फ्रेम आली! सॅन होजेहून भाचा येणार होता. त्याच्या आईने बदाम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या सांगितल्या होत्या. विमानतळावर बॅग उघडली तेव्हा तिच्यात फ्रेम होती, आणि फ्रेमच्या त्रिकोणात कोंबलेले मोजे, बाळाची झबली आणि उरलेल्या जागेत मूठभर बदाम. बहीण अजून बोलत नाही.

फ्रेम घेऊन हार्डटेलकर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांकडे गेले. मामा तिथे चाळीस वर्षं पंक्चर काढतायत, चाकांचे आऊट काढतायत. त्यांनी फ्रेम एका हाताने उचलून तोलली, "हलकी आहे" म्हणाले, आणि कॅरिअर कुठे लावायचं ते शोधू लागले. हार्डटेलकरांनी माळ्यावरून आणलेली, बटण दाबलं की खालीवर होणारी महागडी सीटपोस्ट काढून नळीत सोडली. ती सळ्‌कन आत गेली आणि खुळखुळली. फ्रेमचं भोक 31.6 मिलिमीटर, पोस्ट 30.9ची.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हार्डटेलकर सावकाश म्हणाले, "सात दशांशाचा फरक. शिम मागवावी लागेल. सहा आठवडे तरी."

"सहा आठवडे कशाला?" मामा म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीतून एक रिकामा कॅन उचलला, कात्रीने त्याची वरची-खालची चकती उडवली आणि पत्र्याची पट्टी पसरून दाखवली. "तीन वेढे दिले की गच्च."

हार्डटेलकरांनी पट्टी हातात घेतली. उजेडात धरली. नखाने टिचकी मारली, कान लावला.

"ॲल्युमिनियमच आहे," ते म्हणाले. "पण कुठलं?"

"थम्सअपचं," मामा म्हणाले.