करकरत्या बुटांची शिकार

काळविटाची शिकार 1972च्या कायद्यानं बंद झाली, आणि 1998च्या जोधपूर प्रकरणानंतर ते पानटपरीवरसुद्धा पाठ झालं. म्हणून मी कॅमेऱ्यानं शिकार करायचं ठरवलं. तीही पायी. जीपचं भाडं परवडत नव्हतं. घरी मात्र ‘निसर्गाशी तादात्म्य’ असं सांगितलं.

तयारीला आठ दिवस लागले, त्यातले सात बुटांनी खाल्ले. नवे बूट करकरायचे, उजवा जरा जास्तच. खोबरेल लावलं, करकर गेली नाही, मुंग्या आल्या. टाल्कम पावडर ओतली. पाऊल टाकलं की घोट्यातून धूर. मग मेण लावलं आणि रात्री गच्चीवर दबकत चालायचा सराव सुरू केला, तर खालच्या मजल्यावरून ‘चोर, चोर’! बायको म्हणाली, “काळवीट राहू द्या, आज तुमचीच झाली असती.”

येडशीला उतरलो. रामलिंग घाट अभयारण्य 1997चं, जेमतेम 22 चौरस किलोमीटर. देवळात दर्शन घेतलं, माकडानं नारळ नेला. काळविटं होती मेहुण्याच्या सोयाबीनमध्ये.

बांधावर पाय ठेवला आणि दूरवरचा कळप उधळला.

“मेले बूट!” मी कळवळलो.

“बुटाचं काय घेऊन बसलाव दाजी? त्यांचं सगळं नजरेवर. बैलगाडीतनं आला असताव तर मानबी वर केली नसती. चालता माणूस दिसला की गेलीच.”

सात दिवस मी त्यांच्या कानांची तयारी केली होती!

कोवळे शेंडे खुडून नेलेले. दुबार पेरणी, पंचनाम्याचे हेलपाटे, सगळं तो सांगत होता आणि मी लेन्स पुसत होतो. लाज वाटली, म्हणून फडकं खिशात घातलं.

कोपऱ्यात दोन तासं कोळपायची ठेवलेली दिसली. तिथं पाडस अंग चोरून पडलं होतं. आई चरायला गेली की सुरुवातीचे दिवस ते असंच पडून राहतं.

“बाप पीक खातो, त्याला शिव्या देतो,” मेहुणा हळूच म्हणाला. “ह्याला काय म्हणायचं?”

फोटोसाठी पुढं सरकलो. उजवा बूट करकरला. पाडसाचा एक कान हलला. मेहुण्यानं नुसतं बुटाकडं पाहिलं.

दोन्ही बूट काढून हातात घेतले आणि सराट्यांतून बांधापर्यंत आलो, तोंडातून ‘आई गं’ न काढता.