हातचा माल

मालेगावचा आठवडे बाजार शुक्रवारी भरतो. यंत्रमागांनाही त्याच दिवशी सुट्टी, त्यामुळे शहराला एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. घासाघिशीसाठी ते लागतंच. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी इथे हातमाग वाढवला, पुढे यंत्रमागांनी तो मागे सारला. बाजाराच्या कडेला मात्र हातचा माल टिकून आहे: केरसुण्या, सुपं, टोपल्या, दावी-कासरे आणि गोधड्या.

विक्रीची सुरुवात जागेपासून होते. गेल्या शुक्रवारी जिथे पोतं अंथरलं ती जागा आपली, हे सर्वांना मान्य असतं; फक्त शेजारच्याला नसतं. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, पण बऱ्याच जणांचं पोतं त्याहून जुनं आहे. पुढची पायरी भवानीची. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ द्यायचं नसतं, आणि हे गिऱ्हाइकालाही पक्कं ठाऊक असल्याने चेंगट माणसं बाजारात सर्वांत आधी पोचतात.

खरी परीक्षा गोधडीची. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर बोटभर अंतराने धावदोरा. एका गोधडीत कित्येक दुपारी जातात. गिऱ्हाईक ती उलटी करतं, टाका नखाने उचकून बघतं, वास घेतं आणि विचारतं, “कितलाले शे?” आकडा ऐकून त्याला धक्का बसतो. लुगडी घरची, दोरा घरचा, हात तर घरचेच. मग पैसे कशाचे? यंत्राला निदान लाईटबिल येतं! या हिशेबाला आजवर कोणत्याही विक्रेतीला उत्तर सापडलेलं नाही.

मुंबईच्या प्रदर्शनात सगळं उलट. तिथल्या गिऱ्हाइकाला कापड हातमागाचंच असल्याची खात्री हवी असते; २००६ मध्ये केंद्र सरकारने हँडलूम मार्क आणला तो त्यासाठीच. तिथे वाकड्या टाक्याने भाव चढतो, मालेगावात उतरतो.

पोळ्याआधीचा शुक्रवार तेवढा अपवाद. एरवी केरसुणीसाठी दोन रुपयांवर अडून बसणारा शेतकरी बैलाच्या गोंड्याला, माथोटीला मागेल ते देतो. बरोबर आलेली बायको हे सगळं बघत असते.

न खपलेल्या गोधडीवर विक्रेती दिवसभर बसते आणि संध्याकाळी तिच्यातच बाकीचा माल बांधते. पुढच्या शुक्रवारी ती धुऊन आणावी लागते, आणि धुतलेली गोधडी नवीकोरी आहे हे पटवायला पोराबाळांच्या शपथा घ्याव्या लागतात.