लो-कॉस्टवाला

संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये मीटरभर पाइप कवटाळून उभा असलेला आणि खिशातून निळी पीयू ट्यूब डोकावणारा मुलगा दिसला, की ओळखावं: फायनल इयर मेकॅनिकल, नागदेवी स्ट्रीट पालथी घालून डोंबिवलीला परत निघालाय. प्रोजेक्ट: लो-कॉस्ट न्यूमॅटिक लाँचर. म्हणजे दाबलेल्या हवेने वस्तू फेकणारं यंत्र.

‘कशासाठी?’ असं विचारू नये. विचारलंत, तर तो २०१७च्या टोकियोतल्या एबीयू रोबोकॉन या रोबो-स्पर्धेपासून सुरू करतो. तिथे यंत्रांनी चकत्या फेकायच्या होत्या. मग २००८च्या पुण्यातल्या रोबोकॉनवर येतो. तिचा विषयच गोविंदा. तुम्ही ठाण्याचे असाल, तर इथे हंडीच्या थरांची गोष्ट काढून सुटका करून घ्यावी.

‘लो-कॉस्ट’ याचा अर्थ तो ‘दुसऱ्याच्या खर्चाने’ असा लावतो. टाकी म्हणून सोड्याच्या बाटल्या. सोडा मित्रांनी प्यायलेला. व्हॉल्व्ह सीनियरच्या मेलेल्या रोबोतून उपटलेला. हवा पुलाखालच्या पंक्चरवाल्याची. गळती शोधायला आईचं भांड्यांचं लिक्विड: जोडावर टाकायचं, फेस फुगला की तिथून हवा जातेय. घरातली भांडी तेलकट, जोड मात्र लखलखीत. रिपोर्टात या साऱ्यापुढे ‘शून्य रुपये’. एमआयडीसीत मेंटेनन्सला जन्म काढलेले वडील तेवढं वाचून म्हणतात, ‘‘हवा फुकट असते रे. दाबलेली हवा नाही. आमच्याकडे कॉम्प्रेसरचं बिल बघून साहेबांना घाम फुटायचा.’’

चाचणी गच्चीवर. पहिली चकती त्याच्याच पायाशी पडते. दोस्त ओरडतात, ‘‘प्रेशर वाढव!’’ हा अचानक प्रोफेसर होतो. ‘‘सहा बारच्या वर नाही. रोबोकॉनचीही मर्यादा तेवढीच आहे. लांब टाकायचं तर व्हॉल्व्ह झटकन उघडून एकदम जास्त हवा जायला हवी.’’ जाड ट्यूब लागते. दुसरी चकती थेट शेजारच्या काकूंच्या पापडांवर. काकू चकती जप्त करतात, टेपही लावू देत नाहीत. रिपोर्टात नोंद: ‘पल्ला समाधानकारक.’

आणि मग प्लंबरकाका स्वस्तातली पीव्हीसीची टाकी सुचवतात, तेव्हा हा चक्क नको म्हणतो. ‘‘काका, पाणी फारसं दाबलं जात नाही. पाण्याचा पाइप फुटला तर नुसता भिजवतो. दाबलेली हवा प्रसरण पावते आणि पीव्हीसीच्या चिरफळ्या उडवते.’’ सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र तो नवा आणतो, घासाघीस न करता, पक्क्या बिलावर, स्वतःच्या पैशांनी. २०१६च्या आणि २०२४च्या मे महिन्यात एमआयडीसीतल्या स्फोटांनी ज्याच्या गावात दूरदूरच्या काचा फोडल्या, त्याला दाब म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

तेव्हा परीक्षकहो, चकती किती लांब गेली ते राहू द्या. रिपोर्टातली शून्यंही सोडून द्या. एवढी एकच पावती खरी आहे. मार्क तिच्यावर द्या.