नऊने जातोय का?

(२००१चा उन्हाळा. डोंबिवलीतल्या घराचा हॉल. खुर्ची, टीपॉयवर फोन. पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, भर दुपारी कडक इस्त्रीचा शर्ट.)

या, बसा. मी हल्ली घरीच असतो. नाही, रजा नाही. आजारीही नाही. सस्पेंड? (दुखावून) छे हो! व्हीआरएस घेतली, स्वेच्छानिवृत्ती.

झालं. आता तुम्ही विचारणार, का?

नोकरीला लागलो तेव्हा एकानेही विचारलं नव्हतं. सोडली तर जिन्यात माणसं अडवतात. मग मीही माणूस बघून कारण देतो. शेजाऱ्यांना गुडघे. सासुरवाडीला बदली. "गडचिरोलीची ऑर्डर टेबलावर होती." (हळूच) टेबल होतं. ऑर्डर नव्हती. बँकेला लेखी दिलं, 'घरगुती कारणास्तव'. ते वाचून आमची ही म्हणाली, "घरगुती कारण म्हणजे मीच ना?"

मेव्हण्याला मात्र हिशेब लागतो. त्याला म्हटलं, बस. २००० साली सरकारी बँकांनी योजना काढली. १५ वर्षं नोकरी झालेली किंवा चाळिशी गाठलेली असली की अर्ज करा. झालेल्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पगार. दोन्हींत कमी असेल ते. माझी ३० वर्षं झाली, म्हणजे ६० पगार. उरली होती ६ वर्षं, म्हणजे ७२. कमी ते मिळाले, ६०. आता ऐक. घरी बसलो तर ६०. रोज लोकलला लोंबकळत फोर्टला गेलो तर ७२! म्हणजे माझ्या ६ वर्षांच्या कामाची किंमत बारा पगार. वर्षाला दोन! पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन वेगळं. बँक मला न येण्याचे पैसे देत होती. ३० वर्षांत माझी एवढी कदर कुणी केली नव्हती.

आणि मी एकटा नाही. देशभरातून लाखाच्या वर निघाले. आमच्या शाखेत एका संध्याकाळी सात निरोप. बरं भाषण करू शकणारे सगळे शाल पांघरून समोर बसलेले. शेवटी शिपायाने आभार मानले. सुंदर बोलला. आपणच आपली शाल त्याला देऊन टाकावी असं वाटलं. दिली नाही.

लोक म्हणतात, हा कॉम्प्युटरला घाबरला. (उठून) घाबरलो नाही. रागावलो!

अहो, पूर्वी संध्याकाळी बॅलन्स जुळत नसे. फरक १८ पैशांचा, पण सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. मॅनेजर खिशातून १८ पैसे काढायला तयार. तसं चालत नाही! मग मला हाक. मी सावकाश यायचो. चष्मा पुसायचो. पहिला प्रश्न, "नऊने जातोय का?" फरकाला नऊने भाग गेला की बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल. ५३चे ३५ झालेले, फरक १८! भाग गेला नाही, तर फरक अर्धा करायचा आणि ती रक्कम शोधायची. कुणीतरी डेबिट क्रेडिटला चढवलेलं असतं. सगळ्यांचे हात मला पाठ. एकाचा सात एकासारखा, एकीचा शून्य सहासारखा. फरकावरून सांगायचो, आज कोण घरून भांडून आलंय! आणि सापडला की काय तो जल्लोष. गरम भजी मागवायचे, माझी प्लेट पहिली.

मग ते यंत्र आलं. पाच वाजता बटण दाबलं, जुळलं. रोज! पैशाचाही फरक नाही. एकदा नवीन आलेल्या ऑफिसर मुलीला सहज विचारलं, "आज फरक किती?" ती म्हणाली, "सर, कसला फरक?"

त्याच आठवड्यात अर्ज दिला.

आता घरात आहे तेवढं बघतो. दूधवाला, इस्त्रीवाला, हिच्या भिशीचा हिशेब. भिशी पाच बायकांनी सोडली.

(फोन वाजतो. झडप घालून उचलतात.)

हॅलो? कोण, सेक्रेटरीसाहेब? सोसायटीचा ताळेबंद जुळत नाही? (उभे राहतात.) कितीचा फरक? ८१०?

(रिसीव्हरवर हात ठेवून, प्रेक्षकांना, डोळे चमकतात.) नऊने जातोय! टँकरचे ९०० असतील, ९० लिहिलेत.

(फोनवर, गंभीर आवाजात) अवघड दिसतंय, साहेब. वर्षभराची सगळी व्हाउचर्स काढून ठेवा. नाही नाही, तुम्ही कशाला हात लावू नका! आलोच.

(फोन ठेवून, चष्मा पुसत, आत बघून, ऐटीत) अगं ए, जेवायला थांबू नकोस. मला उशीर होईल!