चारसोवीसचा पट

शाळेचा कारभार पाहिलेला माणूस राजकारणात गेला की त्याला हजेरीपट वाचता येतो, एवढा तरी फायदा. जिमी कार्टर यांना तो झाला. जॉर्जियातल्या सम्टर काउंटीच्या शिक्षण मंडळावर काही वर्षं काढून हे भुईमूगवाले १९६२ मध्ये राज्याच्या सिनेटसाठी पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले. जॉर्जटाउनच्या केंद्रावर मत दिलं ३३३ जणांनी. पेटीतून निघाल्या ४२० मतपत्रिका. आपलं जुनं दंडविधान तिथे लागू नव्हतं, पण आकडा कसा बरोब्बर जुळला! नोंदवहीत शंभरावर मतदार तर अक्षरानुक्रमे रांगेत येऊन गेलेले. त्यांत काही कबरीतले, काही तुरुंगातले. एवढी शिस्त प्रार्थनेच्या रांगेतही दिसत नाही!

कार्टर कोर्टात गेले, पेटी बाद झाली आणि ते सिनेटर झाले. पुढे राष्ट्राध्यक्षही.

आपण हसायचं कारण नाही. २०११ च्या पटपडताळणीत महाराष्ट्रातल्या शाळांत लाखो पोरं नुसती कागदावर सापडली होती. एव्हाना ती मतदानाच्या वयाची झाली असतील.