हाडं काय, घरचीच आहेत

पहिला पाऊस पडला की पुण्या-मुंबईची बाइकवाली मंडळी डांबर सोडून मातीला लागतात. मावळात, मुळशीत, ताम्हिणीच्या अलीकडे-पलीकडे एखादी मुरमाची वाट दिसायचा अवकाश, की दहा-बारा गाड्या तिच्यात घुसल्याच. या मंडळींवर बेफिकिरीचा आरोप नेहमी होतो. तो साफ खोटा आहे. इतकी काळजी घेणारी जमात शोधून सापडायची नाही. फक्त ती काळजी गाडीची असते, एवढंच.

शोरूममधून महिन्याभरापूर्वी निघालेली कुठलीही एक्सपल्स किंवा हिमालयन जवळ जाऊन बघा. इंजिनाखाली जाड बॅशप्लेट. टाकीच्या दोन्ही अंगांना क्रॅशगार्ड. हेडलाइटला जाळी. हँडलवर हँडगार्ड, म्हणजे गाडी आडवी झाली तरी लिव्हर मोडू नये. (त्यात बोटंही वाचतात, पण तो निव्वळ योगायोग समजावा.) जाणकार तर लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट मुद्दाम जरा ढिले ठेवतात. गाडी पडली की लिव्हर तुटण्याऐवजी नुसती फिरते. आता नजर जरा वर न्या. या चिलखतावर स्वार झालेला वीर थ्री-फोर्थ, फ्लोटर्स आणि ग्रुपचं नाव छापलेला टी-शर्ट अशा वेशात असतो. हिशोब चोख आहे. लिव्हर विकत आणावी लागते. हाडं घरचीच आहेत.

ऑफ-रोडचे खास बूट मिळतात, हे या वीराला माहीत असतं. ते घोट्याच्या बरेच वर, नडगीपर्यंत येतात आणि इतके ताठ असतात की पाऊल वेडंवाकडं मुरगळतच नाही. त्यांचा दोष एकच: ते घालून चहाच्या टपरीवर ऐटीत चालता येत नाही. फ्लोटर्समध्ये येतं. शिवाय गाडी घसरायला लागली की पाय खाली टेकवून तिला सावरायची आपली उपजत सवय असते. जुन्या हिमालयनचं वजन दोनशे किलोच्या घरात, खाली ओला कातळ आणि मध्ये आपला घोटा. या तिघांच्या भेटीत बुटासारखी परकी वस्तू कशाला?

हातमोज्यांचंही तेच. माणूस पडताना हात पुढे करतो, हा निसर्गनियम आहे. तो सगळा भार मनगटावर येतो. तिथे अंगठ्याच्या बुडाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. त्यामुळे ‘काही नाही, मुकामार आहे’ असं म्हणून आपण तोच हात घेऊन पुढचा महिनाभर क्लच दाबू शकतो. शरीराने इतकी सोय करून ठेवल्यावर मनगटाला आधार देणारे मोजे घेणं कृतघ्नपणाचं ठरेल.

हेल्मेटबद्दल फार बोलत नाही. ज्या पुण्याने हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले, तिथे जपून बोललेलं बरं. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे. म्हणूनच रस्त्याकडेच्या हेल्मेटांवर आयएसआयचा स्टिकर हल्ली इतका ठळक असतो. काही चोखंदळ लोक मात्र महागडं हेल्मेट घेतात आणि ते वारसाहक्काने चालवतात. एकदा जोरात आपटलं की आतला थर्मोकोल दबतो आणि पुन्हा फुगत नाही. पण बाहेरून नुसता ओरखडा दिसतो आणि ओरखड्याने रुबाब वाढतो. तेच हेल्मेट मग धाकट्या भावाला मिळतं.

चालवण्याच्या तंत्रातही आपली परंपरा वेगळी आहे. खडबडीत वाटेवर फूटपेगवर उभं राहावं, गुडघ्यांनी टाकी धरावी, म्हणजे गाडी खाली हवी तशी उड्या मारते आणि पाठीचा कणा सुटतो, असं प्रशिक्षक सांगतात. आपण सीटवर ठाण मांडून प्रत्येक धोंड्याशी माकडहाडानेच ओळख करून घेतो. नजर पुढे, जिथे जायचं तिथे ठेवावी, असंही ते सांगतात. आपण ट्रॅक्टरने पाडलेल्या चरात रोखून बघतो आणि चाक आज्ञाधारकपणे त्याच चरात जातं. मग घाबरून पुढचा ब्रेक मूठभर दाबायचा. शेवाळलेल्या कातळावर याचा निकाल ताबडतोब लागतो.

संरक्षक साहित्य निरुपयोगी आहे, याला आमच्याकडे भक्कम पुरावाही आहे. सी. एस. संतोष हा डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. हे त्याने २०१५ साली केलं. २०२१ च्या डकारमध्ये सौदी अरेबियात तो जोरात पडला. उत्तम हेल्मेट होतं, एअरबॅगचं जॅकेट त्या वर्षापासून सक्तीचं झालं होतं, तरी डॉक्टरांना त्याला औषधांनी कोमात ठेवावं लागलं. मग उपयोग काय झाला? तो शुद्धीवर येऊन घरी परतला, हा मुद्दा आमच्या चर्चेत सहसा निघत नाही.

पडल्यावरचे विधी मात्र सगळ्या ग्रुपांत सारखे. एक जण व्हिडिओ काढतो. दोघे गाडी उभी करतात, कारण पेट्रोल सांडतंय. उरलेले जखमीला बखोटीला धरून बसवतात, हेल्मेट खेचून काढतात आणि पाणी पाजतात. मानेच्या मणक्यांचं मत कुणी विचारत नाही. प्रथमोपचाराची पेटी असते, ती मागच्या वळणावर राहिलेल्या गाडीवर. १०८ ला फोन लावावा तर रेंज नाही आणि रेंज मिळालीच तर अॅम्ब्युलन्स डांबर संपतं तिथवरच येणार. तिथपर्यंत वाडीतली माणसं घोंगडीची झोळी बांबूला बांधून त्याला खांद्यावरून आणतात. ही माणसं भातलावणी सोडून आलेली असतात आणि त्यांच्याच बांधावरून सकाळी आपल्या गाड्या गेलेल्या असतात. ती त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. याला ग्रुपवर ‘लोकल सपोर्ट’ म्हणतात.

आमच्या ओळखीतल्या अशाच एका वीराच्या नडगीत गेल्या पावसाळ्यात प्लेट बसली, आठ स्क्रू लावून. त्याने हॉस्पिटलच्या खाटेवरूनच एक्स-रे ग्रुपवर टाकला. पहिला प्रश्न पाच मिनिटांत आला: ‘स्टीलची का टायटॅनियमची? वजनात किती फरक पडतो?’